मदत हवी आहे: अल्स्टरचे प्रेस्बिटेरियन बंडखोर ब्रिटननिष्ठ कसे झाले?

आयर्लंडच्या संघर्षाला सरसकट ‘कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट’ म्हटलं की 1791 चं कोडं सुटत नाही. सगळ्या पंथांच्या आयरिशांना ब्रिटिश वर्चस्वाविरुद्ध एकत्र आणू पाहणारी युनायटेड आयरिशमेन ही संघटना तेव्हा बेलफास्टमध्ये उभी राहिली ती मुख्यतः अल्स्टरच्या (आयर्लंडचा उत्तरेकडचा प्रांत) प्रेस्बिटेरियनांच्या, म्हणजे सरकारमान्य अँग्लिकन चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंटांच्या, बळावर. 1704 च्या कायद्याने कॅथलिकांच्या जमिनीच्या मुलांमध्ये वाटण्या पाडल्या (थोरल्याने धर्म बदलला तर सगळी त्याची), आणि त्याच कायद्याने प्रेस्बिटेरियनांनाही सरकारी पदं बंद झाली. दुखणं सामायिक होतं. 1798 च्या ब्रिटिशविरोधी बंडात अल्स्टरमधल्या अँट्रिमला ते लढलेही.

मग आयर्लंडला स्वतःची संसद देऊ पाहणाऱ्या 1886 च्या होमरूल विधेयकाला त्यांच्याच वंशजांचा एवढा कडवा विरोध का? 1798 च्या बंडात दक्षिणेकडच्या वेक्सफर्डमध्ये झालेल्या प्रोटेस्टंटांच्या हत्याकांडांची धास्ती, 1801 मध्ये आयर्लंड ब्रिटनला जोडलं गेल्यानंतर ब्रिटिश बाजारावर पोसलेला लिननचा धंदा, की कॅथलिक नेता डॅनियल ओकॉनेलच्या चळवळीतला कॅथलिक पाद्र्यांचा पुढाकार? मला धंदा निर्णायक वाटतो, पण अल्स्टरमधल्याच आर्माचे 1795 चे कॅथलिक-प्रोटेस्टंट दंगे त्याआधीचे. तिथे गाडी अडते. जाणकारांनी कृपया सांगावं.