टेम्प फोल्डरमधल्या फाइली डिलीटच होत नाहीत, व्हायरस असेल का?

घाटावरचा:
मंडळी, जरा मदत करा. विंडोज १० चा लॅपटॉप, सी ड्राइव्ह लाल झालाय म्हणून टेम्प फोल्डर साफ करायला घेतला, बरंच उडालं पण काही फाइली जागच्या हलेनात. काहींचं नाव ~डीएफ ने सुरू होतं, पुढे आकडे-अक्षरांची खिचडी नि शेवटी टीएमपी. एक एफएक्सएस एपीआय डीबग लॉग अशी काहीतरी, ती तर ० केबी! आणि एक ईएक्सई, नाव म्हणून नुसते आकडे. 'फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे' असंच येतं, ट्राय अगेन दाबत बसा. ईएक्सई एकदाची गेली तर रिस्टार्टनंतर परत हजर. अँटिव्हायरस गप्प. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारू, पण मुलीचं कॉलेजचं प्रोजेक्ट, सातबाराचे स्कॅन सगळं यातच आहे. एका साइटवर फुकटचं अनलॉकर (अडकलेल्या फाइली सोडवून डिलीट करणारं टूल) दिसलं, टाकू का?

चिंचगूळ:
नका हो टाकू, असल्या फुकट टूल्ससोबत नको ते पाहुणे येतात. मी विंडोजचंच स्टोरेज सेन्स (नको त्या फाइली आपोआप साफ करणारी सोय) ऑन करून ठेवलंय, टेम्पकडे बघतपण नाही.

जुना_डॉसवाला:
डिलीट होत नाही म्हणजे व्हायरसच असं काही नसतं, कुठल्यातरी चालू प्रोग्रामने फाइल उघडून धरलीये एवढंच. ~डीएफ वाल्या फाइली ऑफिससारखे प्रोग्राम तात्पुरतं काम करायला बनवतात आणि बंद होताना स्वतःच पुसतात, मधेच लाइट गेली की मागे राहतात. ती ० केबीवाली विंडोजच्या फॅक्सच्या भागाची आहे. फॅक्स आता कोण करतंय, पण एक्सप्लोरर तिला धरून बसतो. सोडून द्या.

ईएक्सई मात्र मला पटत नाहीये. टेम्पमध्ये ईएक्सई असणं तसं नेहमीचंच, इन्स्टॉलर तिथेच उघडतात, पण काम झाल्यावर जायला पाहिजे. परत येतेय म्हणजे तिला कोणीतरी पुन्हा टाकतंय आणि तो कोणीतरी टेम्पच्या बाहेर बसलाय, त्यामुळे नुसती ती डिलीट करून काही होणार नाही. टेम्पमध्ये लिहायला ॲडमिनची परवानगी लागत नाही म्हणून मालवेअरवाल्यांना ती जागा फार सोयीची.

आधी रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयू टॅबमध्ये असोसिएटेड हँडल्स आहे तिथे फाइलचं नाव सर्च करा, कुणी धरलीये ते दिसेल. मग सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स, म्हणजे आपोआप काय काय सुरू होतं ते दाखवणारं टूल घ्या (२००६ पासून मायक्रोसॉफ्टचंच आहे, त्यांच्याच साइटवरून घ्या) आणि शेड्यूल्ड टास्कमध्ये (आपोआप चालायला लावून ठेवलेली कामं) पब्लिशर रिकामा असलेलं काय आहे ते बघा. ती ईएक्सई व्हायरसटोटलवर (बऱ्याच अँटिव्हायरसकडून एकदम फाइल तपासणारी साइट) टाकून तपासा, पण सातबारा वगैरे खासगी कागद तिथे चढवू नका, तिथल्या फाइली इतरांनाही मिळू शकतात.

घाटावरचा:
सापडलं! टास्कचं नाव अपडेट सर्व्हिससारखं, पब्लिशर रिकामा, मूळ फाइल प्रोग्रामडेटा फोल्डरमध्ये. व्हायरसटोटलवर बरेच लाल आले. लॅपटॉप सेकंडहँड घेतलेला, ऑफिस दुकानातूनच 'टाकून' मिळालं होतं, त्याचं असेल का?

जुना_डॉसवाला:
वाटलंच, ॲक्टिव्हेटर असणार, म्हणजे लायसन्स न घेता ऑफिस चालवून देणारं चोरटं टूल. विंडोज सिक्युरिटीत एक्सक्लुजन्स (काय तपासायचं नाही त्याची यादी) उघडून बघा बरं, तुमचा अँटिव्हायरस गप्प का ते तिथे कळेल.

घाटावरचा:
अहो, अख्खा सी ड्राइव्ह आहे त्यात!!

जुना_डॉसवाला:
मग तो गप्पच बसणार. ती एंट्री काढा, टास्क बंद करा, नेट तोडा आणि डिफेंडरचा (विंडोजचाच अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅन लावा. विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो त्यामुळे फाइल कोणी धरलेली नसते, साधारण १५ मिनिटं लागतात. पण खरं सांगू, एवढं झाल्यावर त्या विंडोजवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. दुकानवाला फॉरमॅट म्हणतोय ते या केसमध्ये बरोबर आहे, फक्त त्याच्याकडून करू नका. फोटो, पीडीएफ, प्रोजेक्ट तेवढं बाहेर काढा, ईएक्सई एकही नको. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या टूलने ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा नि कोरं विंडोज टाका. बँकेचे, मेलचे पासवर्ड आजच फोनवरून बदला, या लॅपटॉपवरून नको.

चिंचगूळ:
आणि टाकताच आहात तर लॅपटॉपला चालत असेल तर ११ च टाका, १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय.