दोषमुक्त, निर्दोष मुक्तता, सुटका : नेमका फरक काय?

अनघा : बातम्यांत ‘दोषमुक्त’ आणि ‘निर्दोष मुक्तता’ आलटूनपालटून येतात. दोन्ही एकच का? आणि चुकीने झालेली शिक्षा वरच्या कोर्टाने रद्द केली, तर काय म्हणावे?

मिलिंद : एकच नाहीत, आणि घोळ मराठीतच आहे. वर्तमानपत्रांत ‘दोषमुक्त’ म्हणजे बहुधा आरोपनिश्चितीच्या (न्यायालय आरोप ठरवते त्या टप्प्याच्या) आधीच, खटला चालवण्याइतका आधार नाही म्हणून सोडलेला. कायद्याच्या मराठी पाठात त्याला ‘विनादोषारोप सोडणे’ म्हणतात, आणि ‘दोषमुक्ती’ येते ती खटला चालून निर्दोष ठरल्यावर! म्हणून शब्दावर विसंबू नका, आदेशातले कलम पाहा. सत्र खटल्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २५० (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले २२७) असेल तर पहिला प्रकार. २५५ किंवा २५८ (जुने २३२, २३५) खाली निर्दोष ठरवले असेल तर दुसरा. निर्दोष ठरलेल्यावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही (कलम ३३७). विनादोषारोप सुटलेल्याला हे संरक्षण नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात तसे लिहिले आहे. नवा पुरावा आला तर तो पुन्हा आरोपी होऊ शकतो.

सुलभा : दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ‘शिक्षा रद्द’ फार मोघम आहे. अपिलात *दोषसिद्धी* (दोषी ठरवणारा निर्णय) रद्द होऊन निर्दोष ठरवले, तरच डाग पुसला जातो. शिक्षा कमी झाली, शिक्षेला स्थगिती मिळाली (कलम ४३०), सरकारने उरलेली शिक्षा माफ केली (कलम ४७३), तर माणूस बाहेर येतो, पण दोषी म्हणूनच. दोषी ठरल्यामुळे अपात्र झालेल्या आमदाराला म्हणूनच नुसती शिक्षेची स्थगिती पुरत नाही, दोषसिद्धीला स्थगिती मिळवावी लागते. संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांना तर सुटका म्हणूच नये. रजा संपली की परत हजर व्हायचे असते.

अनघा : ‘संशयाचा फायदा देऊन’ सोडले तर?

मिलिंद : तीही पूर्ण निर्दोष मुक्तताच. ‘सन्मानाने निर्दोष’ अशी वरची पायरी संहितेत नाही. पोलीस भरतीसारख्या सेवाविषयक वादांत मात्र न्यायालये हा भेद पाहतात, आणि तिथे निकालपत्रातले एक वाक्य नोकरी घालवू शकते.

सुलभा : ‘सुटका’ मी फक्त तुरुंगाच्या दारातून बाहेर पडण्यासाठी राखून ठेवते. निकाल आणि सुटका यांत अंतर पडते. आदेशात बहुधा ‘अन्य गुन्ह्यात आवश्यक नसल्यास’ अशी अट असते. दुसऱ्या खटल्याचे प्रॉडक्शन वॉरंट (कैद्याला कोर्टात हजर करण्याचा हुकूम) तुरुंगात आलेले असले, किंवा नावात, खटला क्रमांकात फरक निघाला, की कैदी आतच राहतो. आदेशाची प्रत हाती येताच बापाच्या नावासकट सगळे ताडून पाहावे. रुदुल साह विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात १९६८ साली निर्दोष ठरलेला माणूस १९८२ मध्ये बाहेर आला. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये भरपाई दिली, आधीचे ५,००० धरून एकूण ३५,००० रुपये. चौदा वर्षांचे एवढेच!

मिलिंद : भरपाईपुरते बोलायचे तर विधी आयोगाच्या २७७ व्या अहवालाने (२०१८) चुकीच्या शिक्षेऐवजी ‘चुकीचा अभियोग’ (चुकीने चालवलेला खटला) ही व्यापक कल्पना घेतली. ती मला योग्य वाटते, कारण निर्दोष सुटलेल्या कच्च्या कैद्याला शिक्षा कधी झालेलीच नसते. ‘चुकीची शिक्षा’ म्हटले की त्याची गेलेली वर्षे हिशेबाबाहेर राहतात.