जुनी अभ्यासाची पुस्तकं: तीन ठोकळे, कपाटात जागा एकालाच

पुस्तकवेडा:
मंडळी, ओळखीतले एक सर रिटायर झाले, घर बदलताना पुस्तकं वाटली आणि माझ्या वाट्याला तीन ठोकळे आले. न्यूक्लिअर मेडिसिनवरचं (किरणोत्सारी औषधांनी तपासणी आणि उपचार) १९८४ चं, सेल बायॉलॉजीचं १९८९ चं आणि प्राचीन ग्रीक कायद्यावरचं १९७८ चं. तिन्ही विषयात मी ढ. मला वाटतंय ग्रीकवालं सगळ्यात जुनं तर तेच आधी काढावं, बरोबर ना? विज्ञानाची तरी कामाला येतील.

गॅमावाला:
उलटं आहे राव. मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्येच काम करतो. त्या पुस्तकातला फिजिक्सचा भाग अजून ठणठणीत असणार, स्कॅनसाठी वापरतात त्या किरणोत्सारी टेक्नेशियम-९९एम चं हाफ लाइफ (निम्मं उरायला लागणारा वेळ) तेव्हाही ६ तास होतं आणि आजही ६ तासच, ज्यातून ते तयार होतं ती त्याची आई मॉलिब्डेनम-९९ ६६ तासांची, म्हणून तर ती भरलेल्या जनरेटरमधून रोज टेक्नेशियमची धार काढता येते (हो, त्या जनरेटरला 'काऊ' म्हणजे गायच म्हणतात, काढण्याला मिल्किंग). पण पुढची प्रकरणं गेली. पेट आणि सीटी हे दोन स्कॅन एकत्र करणारं पेट-सीटी मशीनच त्यात नसेल, ते आलं २००० च्या आसपास, आणि किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ ने कॅन्सरवर करायची ट्रीटमेंट तर फारच अलीकडची. डोसचे तक्ते चुकूनही कुणाला देऊ नका.

पेशीताई:
सेल बायॉलॉजीचं पण तसंच, मायटोकॉन्ड्रिया वगैरे चित्रं बघायला छान पण १९८९ म्हणजे अ‍ॅक्वापोरिन सापडायच्या आधीचं, पेशीच्या पडद्यातून पाणी जाण्यासाठी खास प्रोटीनची दारं असतात हे १९९२ ला कळलं आणि त्यावर २००३ चं नोबेल मिळालं. तुमच्या पुस्तकात पाणी बहुतेक आपलं आपणच झिरपत असेल 😀 माणसात जीन किती ते पण बघा, त्या काळी लाखभर म्हणायचे, प्रोटीन बनवणारे आता साधारण २० हजार धरतात.

अथेन्सप्रेमी:
ग्रीकवालं काढू नका, हात जोडतो! आमच्या विषयात पुस्तक म्हातारं होतं ते नवीन शोध लागला की, वर्षं मोजून नाही. म्हणजे कसं, क्रीट बेटावरच्या गोर्टिन या ग्रीक शहराचा भिंतीवर कोरलेला कायदा १८८४ ला उजेडात आला, अथेन्सच्या राज्यघटनेबद्दलचं पपायरस (प्राचीन कागदावरचं हस्तलिखित) १८९१ ला छापलं गेलं, त्याच्या आधीचं पुस्तक असतं तर मीच म्हटलं असतं रद्दीत घाला, कारण कोर्टात ज्युरी चिठ्ठ्या टाकून कशी निवडायची, मतदान कसं व्हायचं हे बारकावे त्या पपायरसमुळेच कळतात. १९७८ च्या पुस्तकाला हे सगळं ठाऊक आहे. आणि वाचायला मजा येते हो, २०१ किंवा ५०१ लोकांची ज्युरी, वकील नाही, आपली केस आपणच मांडायची (भाषण मात्र पैसे देऊन लिहून घेता यायचं), पाण्याच्या घड्याळावर वेळ मोजायची, आणि ज्युरीने आपसात चर्चा न करता थेट मत टाकायचं.

फक्त एक बघा, त्यात 'ग्रीक कायदा' असं सरसकट लिहिलंय का? त्यावर अभ्यासकांत जुनं भांडण आहे. अथेन्समध्ये मुलगे असले की मुलीला वारसा नाही, हुंडा काय तो मिळायचा. गोर्टिनमध्ये मुलीलाही वाटा होता, मुलाच्या निम्मा. दोन्ही ग्रीकच. मग एक कायदा म्हणायचं कुठल्या तोंडाने?

पुस्तकवेडा:
आत्ताच बघितलं. नावात 'ग्रीक' आणि आत जवळजवळ सगळं अथेन्स, गोर्टिनला अडीच पानं 🙈 तरी हेच ठेवतो. @गॅमावाला, तुमच्यावालं फिजिक्सची प्रकरणं वाचून झाली की काढतो, डोसच्या पानांवर आधी पेन्सिलने फुली मारून.

पेशीताई:
माझंवालं चित्रांसाठी मला द्या की मग!