आयटीआयचा अभ्यास तुम्ही नेमका कसा केलात?

माझा भाचा यंदा इलेक्ट्रिशियनला लागला. हात चांगला आहे त्याचा. पण परवा म्हणाला, "मामा, वर्कशॉपमध्ये सगळं कळतं, थिअरीचं पुस्तक उघडलं की दोन पानांत झोप येते." मी 1998 चा फिटर. हीच तक्रार मीही एकदा केली होती, तेव्हा उत्तर मिळालं होतं, "अभ्यास जमला असता तर इथे आला असतास का?" ते वाक्य अजून सलतं. दहावीपर्यंत गाइड पाठ करणं म्हणजेच अभ्यास, अशी आमची समजूत. ट्रेडला ते पुरत नाही, आणि दुसरं काय करायचं हे कोणी सांगितलं नाही.

म्हणून ज्यांनी आयटीआय केलं, शिकाऊ उमेदवारी केली किंवा शिकवलं, त्यांनी आपला अनुभव लिहावा. "मेहनत घ्या" एवढंच नको. वही कशी ठेवलीत, गणिताचं काय केलंत, कधी बसायचात, तेवढं बारीक लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मला व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, वाचता येत नव्हता. मुख्य पट्टीवरच्या 49 मिमीत व्हर्निअरचे 50 भाग, म्हणून लघुतम माप 0.02 मिमी, हे घडाघडा म्हणून दाखवायचो. हातात घेतला की माप चुकायचं. शेवटी शेजारच्या शेगड्यावरचा (व्हाइसवरचा) मित्र आणि मी रोज मधल्या सुट्टीत पाच वस्तू मोजायला लागलो: नाणं, नट, ड्रिलची शेपटी, पेन, मिळेल ते. एकाने मोजून कागदावर लिहायचं, दुसऱ्याने तो कागद न बघता मोजायचं, मग ताडून पाहायचं. चौथ्या दिवशी माझी चूक सापडली. मुख्य पट्टीवरचं माप मी व्हर्निअरच्या शून्याशी न वाचता सरकत्या भागाच्या कडेशी वाचत होतो. पुस्तक शंभरदा वाचूनही हे मला कळलं नसतं, कारण पुस्तकात बरोबर रीत असते, माझी चूक नसते.

टर्नर, इचलकरंजी

माझी भीती गणिताची. कटिंग स्पीडचं सूत्र पाठ होतं: पाय (π) गुणिले व्यास (मिमीत) गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले 1000. पण लेथपुढे, म्हणजे दांडा फिरवून कापायच्या यंत्रापुढे, उभं राहिल्यावर कुठला वेग लावायचा ते सुचत नसे. मग एक नियम केला. वर्कशॉपमध्ये जो जॉब (काम) केला, त्याचंच गणित त्याच दिवशी जर्नलच्या मागच्या पानावर करायचं. दांडा 40 मिमीचा, कटिंग स्पीड मिनिटाला 25 मीटर धरला, तर फेरे येतात 199. आमच्या लेथवर 199 नव्हतेच, म्हणून त्याच्या खालचा जवळचा वेग घ्यायचा. दांडा 20 मिमीचा असला तर फेरे दुप्पट. अशी तीसेक गणितं झाल्यावर व्यास आणि फेऱ्यांचं नातं डोक्यात बसलं. पेपरातले आकडे मला नंतर कधी परके वाटले नाहीत.

इलेक्ट्रिशियन, नांदेड जिल्हा

आमच्या बॅचला मुली थोड्याच होतो. मी डीओएल स्टार्टरची (मोटर थेट लाइनवर सुरू करणाऱ्या स्टार्टरची) आकृती बघून बघून काढायची, सुबक यायची, वही तपासून मिळायची. कोऱ्या कागदावर काढायला सांगितली तर मात्र अर्ध्यात अडायची. मग दोन रंग घेतले. पॉवर सर्किट लाल, कंट्रोल सर्किट निळं. पुस्तक मिटून काढायचं, अडलं की उघडून तेवढंच बघायचं आणि पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरू.

खरा अभ्यास मात्र चुलीपाशी झाला. आई भाकरी थापायची आणि मी तिला सांगायची: हिरवं बटण दाबलं, कॉइलला सप्लाय मिळाला, कॉन्टॅक्टर (चुंबकावर चालणारा स्विच) ओढला गेला, होल्डिंग कॉन्टॅक्ट मिटला, म्हणून बटण सोडलं तरी मोटर चालूच. आई म्हणाली, "मग बंद कशी होते?" लाल बटण दाबलं की कॉइलचा सप्लाय तुटतो, हे मी सांगितलं. मग तिने विचारलं, "लाइट जाऊन आली तर?" मी गप्प. रात्री आकृती घेऊन बसले. लाइट गेली की कॉइल सुटते, होल्डिंग कॉन्टॅक्ट उघडतो, म्हणून लाइट आली तरी मोटर आपोआप सुरू व्हायची नाही. सकाळी आईला सांगितलं तर म्हणे, "आपल्या विहिरीवरची तर होते." तिथे ऑटो स्विच आहे, हेही मग शोधून काढलं. आई चौथी शिकलेली. तिच्याइतके चांगले प्रश्न मला कोणी विचारले नाहीत.

निवृत्त शिल्प निदेशक, विदर्भ

पोरं जर्नल एकमेकांचं बघून उतरवतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. मी पुढे पुढे प्रत्येक जॉबखाली एक ओळ सक्तीची केली: "या जॉबमध्ये माझं काय चुकलं." ती ओळ उतरवता येत नाही. "कानस डोलली, मधे फुगवटा आला", "पंच मारण्याआधी मार्किंग तपासलं नाही", अशा ओळी यायच्या. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मी त्यांना तेवढ्याच ओळी वाचायला सांगायचो.

दुसरं, निमीची (आयटीआयची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेची) थिअरी आणि प्रॅक्टिकल अशी पुस्तकं वेगवेगळी असतात. मुलं थिअरी आधी वाचायला घेतात आणि कंटाळतात. ज्याला वाचनाची सवय नाही त्याने आधी काम करावं आणि त्याच संध्याकाळी त्याच कामाचा थिअरीतला पाठ वाचावा. हाताला आठवण ताजी असते, शब्द पटकन चिकटतात.

आता परीक्षा संगणकावर, पर्यायांची. प्रश्नसंच पाठ करण्याकडे ओढा आहे. संच जरूर सोडवा, पण बरोबर पर्यायावर थांबू नका. उरलेले तीन का चूक, हे तोंडाने सांगा. ॲमीटर (करंट मोजायचं मीटर) समांतर जोडला तर काय होईल, हे ज्याला सांगता येतं त्याला तो सिरीजमध्ये का जोडतात हे पाठ करावं लागत नाही.

वेल्डर, बीड

एक वर्षाचा ट्रेड, संध्याकाळी गॅरेजवर काम. बसून वाचायला वेळच नव्हता. धडा स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करायचो आणि सायकलवरून येता-जाता ऐकायचो. ऐकण्यापेक्षा रेकॉर्ड करतानाच जास्त लक्षात राहिलं. न कळलेलं वाक्य नीट वाचताच येत नाही.

मेकाट्रॉनिक्स, स्टुटगार्टजवळ (जर्मनी)

मूळची साताऱ्याची, इथे साडेतीन वर्षांची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायचा कोर्स, करतेय. काही दिवस कंपनीत, काही दिवस शाळेत. इथे 'बेरिष्ट्सहेफ्ट' नावाची नोंदवही लिहावीच लागते, ती पूर्ण नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. काय केलं, काय शिकले, ते लिहायचं आणि शिकवणाऱ्याची सही घ्यायची. सुरुवातीला भाषेमुळे रडू यायचं. मी आधी मराठीत लिहायची, मग जर्मनमध्ये. मराठीत जे धड मांडता आलं नाही ते मुळात कळलेलंच नाही, हे त्यातून ध्यानात आलं. तेवढंच दुसऱ्या दिवशी विचारायची.

मी पुन्हा

नांदेडच्या ताई, तुमच्या आईचा प्रश्न भाच्याला विचारला. उत्तर आलं नाही. वही घेऊन बसला, तीनदा आकृती काढली, मग आला सांगायला. आणि आता त्याचाच मला प्रश्न: चालू मोटरचा तीनपैकी एक फेज गेला तर ओव्हरलोड रिले (जादा करंट गेला की मोटर बंद करणारा) लगेच का तोडत नाही? मी फिटर. इलेक्ट्रिकवाल्यांनो, त्याला समजेल असं सांगा.