चित्र पाठवलं म्हणजे सांगून झालं का?

खाडीकाठी
पाऊस लागला की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रंगीत नकाशे येऊन आदळतात. आज रत्नागिरी नारिंगी, उद्या लाल. खाली अंगठ्यांची रांग. कळलं किती जणांना? हवामान खात्याचा रंग मुळात तुम्ही काय करायचं ते सांगतो : हिरवा म्हणजे काही करायला नको, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हला. आणि बहुतेक वेळा तो अख्ख्या जिल्ह्याला एकच. मंडणगड काय नि राजापूर काय.

आता चिपळूणचा पूररेषांचा नकाशा घ्या. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर त्यावरून किती वाद झाले ते इथल्या लोकांना सांगायला नको. त्यात निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदाच्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, तिथून लाल रेषेपर्यंत नियंत्रित. म्हणजे कडक बंधन निळ्याच्या आत! मोबाइलवर लाल म्हणजे धोका असं शिकलेला माणूस इथे बरोब्बर उलटं वाचणार.

मी शाळेत शिकवतो. तिथेही स्मार्ट टीव्ही आल्यापासून व्हिडिओ संपला की धडा संपला. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथ्यांची पोथी, म्हणजे त्यांचा चित्रांचा संच, आठवा. एकेक चित्र पुढे करायचं, गायचं, निरूपण करायचं. परशुराम गंगावणे यांना 2021 ची पद्मश्री मिळाली ती या परंपरेसाठी. पोथी नुसती देवळात टांगून ठेवली असती तर कोणाला कथा कळली असती? माझं म्हणणं एवढंच, की सांगणारा नसेल तर चित्र पाठवू नका.

बंदररोड
साफ असहमत. मास्तर, तुम्ही सगळ्यांना शाळेत बसवायला निघालात. मालवणात बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याचा इशारा, लागला की कोणी निरूपण करत नाही, होड्या वर ओढल्या जातात. आज्याक वाचूक येणा नव्हता, पण बावटो बरोबर कळायचो. दिवसा आकृत्या, रात्री दिवे, दुरून दिसणारे. भर वाऱ्यात तुमचे चार परिच्छेद कोण वाचणार?

खाडीकाठी
बावटा कळतो कारण पिढ्यान् पिढ्या कोणीतरी शिकवला. एक ते अकरा नंबर आहेत. अकरा नंबरचा अर्थ विचारा कोणालाही. दहाच्या पुढचा म्हणून महाभयंकर वादळ, असंच म्हणतील. खरा अर्थ असा, की इशारा देणाऱ्या कार्यालयाशी संपर्कच तुटलाय.

बंदररोड
अकरा लागतो कधी? तीन कळला की आमचं पोट वाचतं.

ऐकून_वाचणारा
दोघांचंही ऐकलं. शब्दशः ऐकलं, कारण मला दिसत नाही, फोन वाचून दाखवतो. तुमच्या भांडणात मी कुठेच नाही. पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, दाखल्यांचं शिबिर कुठे, सगळं फोटो काढून टाकतात. फोन मला सांगतो : 'प्रतिमा'. बास. परिपत्रकाची पीडीएफ आली तर तीही स्कॅन केलेली, आडवी, वर गोल शिक्का. फोटोतली अक्षरं ओळखणारी ॲप आहेत, पण हाताने लिहिलेल्या मराठीवर किंवा नक्षीदार अक्षरांवर ती अडखळतात. त्यात 'तारीख 6' ची 8 झाली तर माझी फेरी फुकट. माहिती आम्हाला वापरता येईल अशा स्वरूपात मिळावी, असं 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. चित्र पाठवू नका असं मी म्हणत नाही. तोच मजकूर खाली टाइप करा, एवढं तरी.

बंदररोड
हे डोक्यात आलं नव्हतं. तुमच्यापुरतं मान्य. मास्तरांचं नाही.

वाडीवरची_आशा
मी घरोघरी जाते. लिहिलेलं पत्रक दिलं की ते चुलीत जातं किंवा त्यावर सुकट वाळत पडते. सर्पदंशाचं चित्र मात्र भिंतीवर राहतं : आवळून बांधलेल्या दोरीवर फुली, ब्लेडवर फुली, माणूस न हलवता दवाखान्यात नेतायत. ते बघून दोरी सोडलेली माणसं आहेत. तेव्हा शेजारी निरूपण करायला मी नव्हते. मास्तर, तुमचा नियम लावला तर ते चित्र काढून टाकावं लागेल.

खाडीकाठी
ते ठेवा. पण शेजारचा चार सापांचा तक्ता? नाग, मण्यार, घोणस, फुरसं. तो बघून लोक चावलेला साप शोधायला रानात शिरतात, मारून पिशवीतून आणतात. वेळ जातो नि दुसऱ्यालाही चावायचा. चौघांवर लस एकच आहे, डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात.

वाडीवरची_आशा
आणि चापडा हा विषारी साप त्या तक्त्यातही नाही नि लसीतही नाही, हेही सांगा की. तक्ता वाईट म्हणून चित्रंच वाईट कशी? काय करायचं ते दाखवणारं चित्र वेगळं, साप ओळखा सांगणारं वेगळं. तुम्ही दोन्ही एका टोपलीत घालताय.

नारळसुपारी
शाळेच्या मुद्द्यावर मी मास्तरांच्याही पुढे जाईन. भरतीच्या धड्यातल्या आकृतीत चंद्र पृथ्वीला जवळजवळ चिकटलेला असतो, कारण पानावर जागा नाही. सोललेला नारळ पृथ्वी धरला तर चंद्र सोललेल्या सुपारीएवढा, आणि साधारण 11 फुटांवर! पोरांना अंगणात उभं करून दाखवा. एकदा सुपारी तिथे धरली की वर्गातली आकृती खोटी वाटायला लागते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीची भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराची भरती, तर इथल्या पोरांनी खाडीवर बघितलेलीच असते, त्यासाठी टीव्ही कशाला?

वाडीवरची_आशा
ज्या पोराला खाडी आहे त्याला. संगमेश्वरच्या वरच्या वाड्यांतल्या पोरांनी उधाण कुठे बघायचं? त्यांना तो टीव्हीच लागतो. आणि बंद पडला तर महिनोन् महिने कोणी दुरुस्त करत नाही, तो वेगळाच विषय.

ऐकून_वाचणारा
नारळ-सुपारीचा प्रयोग मला हाताने समजला. आकृती मात्र कधीच समजली नव्हती. बाकी वाद चालू द्या, पण पूररेषांचा तो नकाशा कोणीतरी शब्दांत लिहून टाका : कुठल्या आळीपासून कुठल्या पुलापर्यंत निळी, कुठून लाल. भावाला जागा घ्यायची आहे.