पत्रकारितेचा क्लास संपला, आता पुढे काय करता तुम्ही लोक?

पुण्यात एसवायला होते, रिपोर्टिंगचा पेपर ऑप्शनल म्हणून घेतला आणि आता शेवटचं लेक्चर झालं तर खरंच करमत नाहीये. मॅडम बातमीच्या कॉपीतली सगळी विशेषणं लाल पेनने उडवायच्या आणि मार्जिनमध्ये फक्त एवढंच, 'कोण म्हणालं?' पहिल्यांदा जाम राग यायचा, आता व्हॉट्सअॅप फॉरवर्ड आला तरी तेच डोक्यात येतं 😄 मंडईत भाजीवाल्या मावशींशी तासभर बोलून 300 शब्द लिहायचे, ती मजा परत कुठे मिळणार? सवय मोडू नये म्हणून काय करू?

पेठेतला: आरटीआय टाक, म्हणजे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आपल्या वॉर्डातल्या रस्त्याच्या कामाचं बिल मागायचं. 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. क्लासपेक्षा जास्त शिकशील, पेशन्स तर नक्कीच.

सातारकर: +1. आणि प्रश्न नेमका विचार, 'का केलं नाही' असं विचारलंस की हमखास टोलवतात, कागदाची कॉपी माग.

निशाचर: मला वाटतं आधी थोडं नुसतं वाच गं. बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण, म्हणजे मराठीतलं पहिलं वृत्तपत्र, 6 जानेवारी 1832 ला निघालं, मराठी आणि इंग्रजी शेजारीशेजारी कॉलमात, लायब्ररीत जुने अंक मिळाले तर चाळ, वेळ कुठे जातो कळत नाही.

मूळ धागाकर्ती: पेठेतला, आमच्या गल्लीतला रस्ता वर्षात दोनदा खणलाय, तिथूनच सुरू करते. अर्ज मराठीत चालतो ना?

पेठेतला: चालतो की. पोच घ्यायला विसरू नकोस फक्त.