दशावतारी, रंगारी, पखवाजी: एकाच माणसाने किती कला कराव्यात?

कुडाळकर: आमच्या वाडीतला एक पोरगा दशावतारात, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्यात, स्त्रीभूमिका करतो, श्रावणात गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, डोळ्यांची आखणी करतो, शिवाय भजनात पखवाज वाजवतो. परवा एका जाणत्याने त्याला चारचौघांत सुनावलं, "एक ना धड, भाराभर चिंध्या." मला हे अजिबात पटलं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत बघा. चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, सगळं एकाच घरात. परशुराम गंगावणे यांनी तर गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांना कोणी चिंध्या म्हणेल?

रंगपट: उदाहरण चुकीचं आहे. चित्रकथीत चित्र, गाणं आणि कथन सुटं होतच नाही. पोथीतलं पान पुढे धरलं की गाणं आलंच. तुमच्या पोराचे तीन धंदे तीन दिशांना. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, संवाद रंगमंचावर सुचावे लागतात. त्यासाठी पुराणं मुखोद्गत हवीत. ती ऐकायला, वाचायला त्याला सवड कुठे? हल्ली कित्येक तरुण नटांचं युद्ध बघत राहावं असं असतं, आणि शब्दाला शब्द भिडवायची वेळ आली की दोन वाक्यांत संपतात.

वेंगुर्ल्याची सून: पावसात नाटक बंद, मगे पोटाक काय घालूचा? माझे सासरे दशावतारी. जत्रेला देवळामागे एका गुडघ्यावर आरसा टेकवून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवायचे. भुवई एका ओढीत, कुंचला मधे उचलायचा नाही. तोच हात भाद्रपदाआधी गणपतीच्या डोळ्यांवर चालायचा. बाकीचे रंगारी मूर्ती पुरी करायचे, डोळे मात्र त्यांच्यासाठी ठेवायचे. हा हात चेहरे रंगवूनच तयार झाला होता.

रंगपट: पोटासाठी करतो, मान्य. मग त्याला नाइलाज म्हणा, अष्टपैलुत्व म्हणून मिरवू नका. कौतुकाच्या नादात नाटक कंपनीने नटाला पावसाळ्यातही चार पैसे द्यावेत ही मागणीच मागे पडते.

कुडाळकर: मागणी रास्त आहे, मीही ती करतो. पुराणं ऐकायला त्याने जुन्या नटांकडे जाऊन बसावं, हेही खरं. पण पखवाज सोड म्हणून मी सांगणार नाही. गेल्या जत्रेत आमच्या देवळात त्याचं युद्धनृत्य मी अगदी पुढे बसून पाहिलं. दुसरा नट दर फेरीला पखवाजवाल्याकडे बघत होता. याने एकदाही मान वळवली नाही. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येणार ते त्याला आतूनच ठाऊक, म्हणून नजर शेवटपर्यंत समोरच्या राक्षसावर. भजनात वाजवलं नसतं तर हे कुठून आलं असतं?

वेंगुर्ल्याची सून: पुढच्या नाटकाची तारीख कळवा. बघायला येऊ.